पानगळीतली पाहणी

बागेच्या दारावर ‘शहराचा वारसा’ अशी नवी पितळी पाटी लागली आणि त्याच सकाळी आतल्या पंधरा झाडांवर लाल फुल्या पडल्या. बागेच्या मुकादमाच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

सव्वाशे वर्षांपूर्वी बाग आखली ती या पंधरा झाडांच्या रांगेपासून. आधी झाडं, मग त्यांच्या सावलीच्या बेताने रस्ता, मग बाकडी. शहराच्या जुन्या फोटोंत आता ओळखू येते ती ही रांग तेवढी. आणि पाहणीचा कागद म्हणत होता, पंधराही वाळलेली, तोडावीत.

वाळलेली! पाहणी झाली गेल्या आठवड्यात, ऐन पानगळीत. एक नळ दुरुस्त करायला वर्ष घालवणारं खातं, पण तोडायचं म्हटल्यावर आठ दिवसांत करवतवाले हजर. पाहणी करणारा तर मुकादमाचा सख्खा भाचा. त्याला या खात्यात चिकटवायला मुकादमानेच साहेबांचे उंबरठे झिजवले होते.

"अरे, नख तरी लावून बघायचंस!" मुकादमाने एका डहाळीची साल खरवडली. आत हिरवंगार. "हे मढं आहे का?"

"मामा, दिवसात चारशे झाडं मोजायची होती. पान दिसलं नाही की मेलेलं लिहा, असंच सांगितलं होतं."

"माझ्या टकलावर तरी कुठं पान आहे? मार फुली!"

करवतवाले हसले. शेजारी उभे असलेले खात्याचे साहेब हसले नाहीत. त्यांना तिथे गाड्या लावायला फरशी घालायची होती. त्यांनी हात वर केला आणि मुकादम रांगेच्या दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत तिथलं पहिलं झाड कोसळलंसुद्धा. बुंध्यातून रस पाझरत होता. साहेबांनी ओला भुसा चिमटीत धरून पाहिला आणि रुमालाला बोटं पुसली. मुकादमाला वाटलं, आता तरी थांबतील.

"उरलेली आजच संपवा," साहेब म्हणाले. "आता थांबलो तर हे जिवंत होतं, असं आपणच कबूल केल्यासारखं होईल."

एवढा निर्लज्जपणा मुकादमाने तीस वर्षांत पाहिला नव्हता. एक चूक झाकायला आणखी चौदा मुडदे! तो दुसऱ्या खोडाला पाठ लावून उभा राहिला. करवतवाल्याने यंत्र बंद केलं.

"थांबवायचंच असेल," साहेब भाच्याकडे बघत म्हणाले, "तर पाहणी चुकली असं ज्याने केली त्याने लिहून द्यावं. आहे तयारी?"

भाचा पांढराफटक पडला. जवळ येऊन हळूच म्हणाला, "मामा, मी अजून कायम झालो नाही. हे लिहिलं तर उद्यापासून घरी. आई माझ्याच पगारावर आहे. तुम्ही सांगाल ते लिहितो. काय लिहू?"

याला नोकरी लागली त्या दिवशी बहीण कित्येक वर्षांनी निवांत झोपली होती. मुकादमाला साहेबाचा गळा धरावासा वाटला, आणि स्वतःचाही.

"लिही," तो म्हणाला. "झाडं जिवंत आहेत, मी न तपासता मेलेली लिहिली. कर सही."

भाच्याने गुडघ्यावर कागद ठेवून लिहिलं. करवतवाल्यांनी दोर गुंडाळले. साहेब कागद घेऊन गाडीत बसले.

"आईला काय सांगू?"

"तू काही सांगू नकोस, मी येतो," मुकादम म्हणाला. "शिव्या द्यायला तिला समोर माणूस तरी हवा."