पट्टा चढवताना

"वाकून काम करू नको म्हणावं त्याला. कंबर धरेल."

सिस्टरने बॉनेटखालून डोकं बाहेर काढलं. वर पहिल्या मजल्याच्या खिडकीत सासूबाई बसल्या होत्या.

"कुणाला, आई?"

"तुझ्या शेजारी उभा आहे त्याला."

शेजारी कुणी नव्हतं. दुपारचं लख्ख ऊन, रस्ता रिकामा, सगळे आपापल्या कामावर गेलेले. सासूबाईंना आता माणूस म्हणजे नुसता काळसर ठिपका दिसे, म्हणून सिस्टरने ते मनावर घेतलं नाही. तरी ती अंगठ्याएवढी बाजूला सरकली.

बावीस वर्षं ऑपरेशनच्या खोलीत काम केल्यावर घरीदारी सगळे तिला सिस्टरच म्हणत. गाडीचं सगळं नवरा बघायचा. तो गेल्याला सात महिने झाले होते. परवा अल्टरनेटर गेला, बॅटरी भरेना, आणि गॅरेजवाल्याने तोंडाला येईल तो आकडा सांगितला. "एवढी माणसं उघडलेली पाहिली, हे तर यंत्र," म्हणत तिने भंगारवाल्याकडून जुना अल्टरनेटर आणला होता, बसमधून, तान्ह्या मुलासारखा मांडीवर घेऊन. चार वाजता सासूबाईंच्या डोळ्यात इंजेक्शन होतं. मागची तारीख हुकली होती. ही हुकली तर उरलेला ठिपकाही जाईल, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं.

बॅटरीची वायर सोडवली, बिघडलेला काढला, आणलेला बसवला. सगळं जमलं. अडलं ते इंजिनावरून अल्टरनेटर फिरवणाऱ्या रबरी पट्ट्यापाशी. एका हाताने पाना रेटून पट्टा ताणून धरणारी पुली मागे दाबून धरायची आणि दुसऱ्याने पट्टा सरकवायचा. पण पाना रेटायलाच तिला दोन्ही हात लागत होते. पाच वेळा केलं, पाचही वेळा पाना निसटला. बोटाची सालं निघाली. सव्वातीन झाले.

"रडू नकोस गं," वरून आवाज आला. "तो आहे ना."

"आई, गप्प बसा हो जरा!"

तिने सहाव्यांदा जोर लावला आणि पाना एकाएकी हलका झाला. तिने डावा हात सोडला. मग, घाबरत घाबरत, उजवाही. पाना तसाच मागे दाबलेला राहिला, जरासा थरथरत, दमलेल्या माणसाचा हात थरथरतो तसा. मानेवरचं ऊन गेलं होतं.

मागे वळून बघायचं नाही, एवढंच तिला कळलं. तिने दोन्ही हातांनी पट्टा पुलीवर नीट बसवला, खाचेत बोट फिरवून पाहिलं.

"झालं," ती सवयीने म्हणाली, ऑपरेशनच्या टेबलाशी म्हणायची तसं.

पाना सावकाश जागेवर आला. झटका न देता.

तिने काल चार्ज करून आणलेल्या बॅटरीची वायर परत जोडली. गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. सासूबाई भिंत चाचपत खाली आल्या, पुढच्या दाराशी थांबल्या आणि मागचं दार उघडून आत बसल्या.

"पुढे बसा ना आई, नेहमीसारखं."

"आज नको. मी इथे बरी."

सिस्टरने गाडी रस्त्यावर घेतली. वीस पावलांवर टिकटिक सुरू झाली, शेजारी बसलेल्याने पट्टा लावला नाही की होते ती. शेजारची सीट रिकामी होती.

तिने गाडी कडेला घेतली. वाकून तो पट्टा ओढला, रिकाम्या सीटवरून हळूच आणला आणि खटकन लावला. टिकटिक थांबली.

"उशीर होतोय," सासूबाई म्हणाल्या.

"हो," म्हणत तिने गिअर टाकला.