अमीनसाहेबांची चाल

चंद्रभान हैदराबादेहून परत आला तेव्हा त्याच्या ट्रंकेतून कायद्याची पुस्तकं निघतील अशी त्याच्या वडलांची, दिनकररावांची, अपेक्षा होती. निघाली एक जाडजूड वही, आणि तिच्यात पानोपानी काढलेली नाकं. लांब नाकं, आकड्यासारखी नाकं, पोपटाच्या चोचीसारखी वाकडी नाकं. दिनकररावांनी वही उलटीसुलटी करून पाहिली आणि एवढंच विचारलं, "चार वर्सं ह्येच करायला होतास का रे तिथं?"

हेच करत होता. कॉलेजातल्या एका प्राध्यापकांनी नाटकाचा वर्ग काढला होता आणि त्यात इटली देशातल्या जुन्या मुखवटेवाल्यांचा खेळ शिकवला जाई. 'कॉमेडिया देल आर्ते' असं त्याचं भारदस्त नाव, पण खेळ चालायचा भर बाजारात, फळ्या टाकून. लिहिलेलं नाटक नाही. पात्रं तेवढी ठरलेली: एक चिकट म्हातारा, एक पोथीपंडित वैद्य, दोन भुकेले नोकर, आणि एक बढाईखोर कप्तान, जो लढायांच्या बाता मारतो आणि उंदीर दिसला की खाटेवर चढतो. गोष्टीचा सांगाडा आधी ठरवायचा, बाकी बोलणं उभ्याउभ्या सुचेल तसं. सत्तेचाळीसच्या सुरुवातीला शहरात गडबड वाढली, वर्ग बंद पडला, आणि चंद्रभान हे खूळ डोक्यात घेऊन चारठाण्याजवळच्या आपल्या वाडीत येऊन थडकला. खूळच म्हणायचं. वाडीत सोंगी भारुडं होती, लळितं होती, तोंडाला मुखवटे बांधून नाचणारे होते. पण काखेत कळसा असला तरी गावाला वळसा घातल्याशिवाय शिकलेल्या माणसाला चैन पडत नाही.

चैत्रातल्या जत्रेत असा खेळ करायचा म्हणून त्यानं सहा जण जमवले. त्यांत भारुडात सोंगं घेणारा बन्सीधर होता. त्यानं पहिल्याच दिवशी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "ह्ये तर आपलं लळितच की! त्याला इटलीला कामून जायला पायजे?" चंद्रभान हसला, पण मनातून जरा खट्टू झाला.

तालीम चाले गावाबाहेरच्या पडक्या देवळाच्या मंडपात, भर दुपारी. त्याच वेळी येडबाची मेंढरं देवळाच्या सावलीला बसत. येडबा हटकर, तिशीचा, कमी बोलणारा. आधी तो नुसता खांबाला टेकून बघत बसे. आठ दिवसांनी कुणी न बोलावता उठला आणि खेळात आला.

चंद्रभान त्यांना सांगे, "आधी पाय, मग जीभ. पात्राची चाल सापडली की बोलणं आपोआप येतं. गावातला एकेक माणूस डोळ्यांपुढं आणा आणि त्याची चाल उचला." सांगायला त्याला सगळं येई. पण स्वतः करून दाखवायची वेळ आली की हात एकीकडे आणि पाय तिसरीकडे. सगळं डोक्यात होतं, खाली काही उतरलंच नव्हतं. मंडळी मालकाचा मुलगा म्हणून हसू दाबत.

येडबाचं उलटं. त्यानं बन्सीधरची चाल केली, दिनकररावांची केली, पाण्याला निघालेल्या बायकांची केली. चंद्रभान बघतच राहिला.

"तुला कसं जमतं रे हे?"

"त्यात काय, मास्तर? मेंढरं समदी एकसारकीच दिसत्यात. मी चालीवरून वळखतो. कोन लंगडायलंय, कोन भ्यालंय, कोन गाभण हाय, पाय सांगत्यात. मानसाचं काय येगळं हाय व्हय?"

आणि मग एका दुपारी त्यानं अमीनसाहेबांची चाल केली. अमीन म्हणजे त्या भागातल्या पोलीस ठाण्याचा मुख्य, नाव व्यंकटराव. छाती पुढं जायची आणि माणूस तिच्या मागून यायचा. डावी टाच जमिनीवर आपटायची. दहा पावलांवर थांबून कमरेचा पट्टा वर ओढायचा आणि वळून बघायचं, शिपाई मागं येतायत की नाही ते. येडबानं हे केलं आणि बन्सीधर हसता हसता भुईवर बसला.

इथं चंद्रभाननं थांबवायला हवं होतं. दिवस कसे होते हे त्याला कळत नव्हतं असं नाही. संस्थानाचं राज्य डळमळायला लागलं होतं आणि चार माणसं जमवायची तर सरकारी इजाजत लागे. मागच्याच महिन्यात शेजारच्या वाडीतला एक जण ठाण्यात नेला होता, तो हात गळ्यात बांधून परत आला. पण वहीतल्या चित्रातला कप्तान त्याच्यापुढं जिवंत उभा होता, आणि असं झालं की नाटकवाल्याला पुढचं दिसत नाही. तो म्हणाला, "हाच आपला कप्तान."

जुन्या कागदांचा लगदा चिंचोक्याच्या खळीत घालून मुखवटे केले. जत्रेच्या दिवशी येडबानं लांब नाकाचा मुखवटा बांधला, अंगात पायघोळ डगला घातला आणि नुसता चालत आला. अजून एक अक्षर बोलला नव्हता, तर माणसं लोळायला लागली. कुणी नाव घेतलं नाही, पण सगळ्यांना कळलं. त्या दोन तासांत येडबा जे बोलला ते चंद्रभाननंही कधी ऐकलं नव्हतं.

वाडीचा एक जुना रिवाज होता. सोंगानं काहीही बोलावं, कुणालाही बोलावं. मुखवटा उतरला की ते बोलणं मुखवट्याबरोबर गेलं. मागून कुणी विषय काढायचा नाही, सोंग कुणी घेतलं होतं हे परक्याला सांगायचं नाही. दिनकररावांच्या बापालाही सोंगांनी सोललं होतं आणि त्यांनी दुसऱ्या दिवशी सोंगाड्यांना जेवू घातलं होतं. पण हा रिवाज वाडीचा. अमीनसाहेब वाडीचे नव्हते.

चौथ्या दिवशी सांगावा आला: साहेब उद्या सकाळी चावडीवर येणार आहेत, खेळातल्या साऱ्यांनी हजर राहावं.

त्याच संध्याकाळी येडबाची बायको कासाबाई चंद्रभानच्या दारात आली. ओट्याखालीच उभी राहिली.

"मालक, खेळ झाला, लोक हासले, तुमचं शिक्शन झालं. आता आमचं काय?"

"कासाबाई, भिऊ नका. मुखवटा होता. कुणी सांगणार नाही."

"आमचा मानूस कुनाला दिसत बी नव्हता, मालक. मेंढरामागं चाललेला मानूस कुनाला दिसतो? तुमी त्याला दिसाया लावलं. आता रानात एकलाच चालून बगतो, एकलाच हासतो. लय खुश हाय. म्या त्याला आसं कदी बगितलं न्हाई. म्हनून तर भ्या वाटायलंय. त्याला नेलं तर मेंढरं कोन बगंल? आन त्यो परत आला तर कसा येईल?"

चंद्रभानला तिच्याकडे बघवेना. "मी सांगेन, कप्तान मी होतो म्हणून. माझ्या वडलांमुळं मला फार काही करणार नाहीत. येडबाचं नाव पुढं येणार नाही."

"शबूद?"

"शब्द."

शब्द दिला तेव्हा तो खरा दिला, एवढं त्याच्या बाजूनं बोललं पाहिजे. तसाच तो येडबाकडे गेला आणि त्याला बजावलं, "उद्या तू तोंड उघडायचं नाहीस." येडबा म्हणाला, "बरं."

सकाळी चावडीपुढं वाडी गोळा झाली. व्यंकटराव खुर्चीत बसले होते, दोन शिपाई मागं. समोर खेळातले सगळे रांगेत, चंद्रभान आणि येडबाही. बायका पलीकडे लिंबाखाली, त्यांत कासाबाई.

"जत्रेत सरकारी माणसाची बेइज्जती झाली," व्यंकटराव म्हणाले. आवाज चढवला नव्हता. "सोंग कुणी घेतलं होतं?"

"मुखवटा व्हता, साहेब," गर्दीतून कुणीतरी म्हणालं. "कोन व्हतं, कसं वळखावं?"

चंद्रभान पुढं झाला. "मी होतो."

व्यंकटरावांनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "दिनकररावांचा मुलगा ना तू? शिकलेला?" आणि मग बोट हलवून म्हणाले, "करून दाखव."

एवढ्याची तयारी चंद्रभाननं केली नव्हती. त्यानं छाती काढली. ती इतकी निघाली की मान मागं गेली. डावी टाच आपटायची तर उजवी आपटली. पट्टा ओढायला हात गेला आणि धोतराच्या निऱ्यांत अडकला. वळून बघताना तोल गेला, कसाबसा सावरला. बन्सीधरनं डोळे मिटून घेतले. एका शिपायानं तोंडापुढं हात धरला.

व्यंकटराव कपाळाला आठ्या घालून बघत होते. हळूहळू त्या आठ्या उतरल्या.

"हा मी?"

"होय, साहेब."

"ह्याच्यावर अख्खी जत्रा हसली?" आणि ते स्वतःच मोठ्यानं हसले. शिपायांना मोकळीक मिळाली, तेही हसले. "अरे, ही तर पाय बांधलेली कोंबडी! कुणी सांगितलं मला, की हुबेहूब? दिनकररावांना म्हणावं, पोराला नाटक जमायचं नाही. शेतावर पाठवा."

ते खुर्चीतून उठले. टोपी घातली. कासाबाईनं तोंडावर धरलेला पदर खाली सोडला. चंद्रभानचं मन इतकं हलकं झालं होतं की त्याला वेड्यासारखं हसू येऊ बघत होतं. चार वर्षं ज्या अंगाची त्याला लाज वाटली, त्या अंगानं आज एक माणूस वाचवला होता.

व्यंकटराव पायरी उतरता उतरता रांगेपुढं थांबले. चांगल्या मनःस्थितीत होते, म्हणून दोन शब्द बोलले. "एवढी मोठी वाडी, आणि एक सोंग धड येईना. ह्यालाच खेळ म्हणता?"

"तसं न्हवतं, साहेब."

आवाज येडबाचा होता.

"येडबा, गप!" चंद्रभान ओरडला.

पण येडबाचा चेहरा लाल झाला होता. त्याला कुणी शिवी दिली असती तर त्यानं ती ऐकून घेतली असती, आयुष्यभर घेतलीच होती. "मास्तरला जमत न्हाई त्ये. शिकिवलं त्येंनी, पर पाय माजे व्हते. लोक हासले त्ये उगं न्हाई हासले." आणि कुणी अडवायच्या आत तो रांगेतून बाहेर आला आणि चालू लागला.

मुखवटा नव्हता. डगला नव्हता. गुडघ्यापर्यंतचं धोतर आणि खांद्यावर घोंगडी. पण पहिल्या पावलातच घोंगडी दिसेनाशी झाली. छाती पुढं, माणूस मागून. टाच जमिनीवर आपटली. दहाव्या पावलाला थांबला, पट्टा वर ओढला आणि वळून बघितलं.

आणि चंद्रभानला दिसलं की हे जत्रेतलं नाही. जत्रेत त्या वळून बघण्यात तोरा होता. आज मुखवटा नसल्यामुळं डोळे दिसत होते, आणि डोळ्यांत भीती होती. शिपाई मागं येतायत ना? उद्याही येतील ना? राज्य हलायला लागलंय, ही टोपी उद्या डोक्यावर राहील ना? रोज दहा दहा पावलांवर व्यंकटराव काय बघत होते, ते येडबाला पाच दिवसांत रानात एकट्यानं चालून चालून सापडलं होतं.

कुणी हसलं नाही. शिपायांनीही नाही. व्यंकटरावांच्या तोंडावरचा रंग उतरला.

त्या शांततेत चंद्रभानच्या तोंडून निघालं, "वा!"

मोठ्यानं निघालं. त्याला ते आवरता आलं नाही. चार वर्षं ज्याच्याविषयी नुसतं ऐकलं होतं, ते चावडीपुढच्या धुळीत त्याच्या डोळ्यांसमोर घडलं होतं, आणि त्या घटकेला त्याला कासाबाई आठवली नाही, दिलेला शब्द आठवला नाही, काही आठवलं नाही.

व्यंकटरावांनी आधी त्याच्याकडे बघितलं, मग येडबाकडे. आता विचारण्यासारखं काही उरलं नव्हतं. ते शिपायांना हलक्या आवाजात म्हणाले, "ह्याला घ्या."

शिपायांनी येडबाचे हात मागं घेऊन दोरीनं बांधले. घोंगडी खाली पडली. बन्सीधर पाया पडायला पुढं गेला, त्याला ढकलून दिलं. चंद्रभान "साहेब, साहेब" म्हणत मागं धावला, माझा गुन्हा आहे, मी शिकवलं म्हणाला. व्यंकटरावांनी मान वळवली नाही.

येडबाला मात्र या कशाशी घेणं नव्हतं. त्याचा श्वास अजून चालण्यानं फुललेला होता. शिपाई ओढत असताना तो चंद्रभानपाशी क्षणभर थांबला.

"मास्तर, आता बरुबर झालं न्हवं?"

कासाबाई लिंबाखालून पुढं येऊन दोन हातांच्या अंतरावर उभी होती. तिनं घोंगडी उचलून छातीशी धरली होती आणि ती चंद्रभानच्या तोंडाकडे बघत होती. तिच्यासमोर होय म्हणायची त्याला छाती नव्हती, आणि नाही म्हटलं असतं तर येडबाजवळ जे एकच होतं तेही गेलं असतं.

शिपायानं दोरीला हिसका दिला. येडबा पाठमोरा झाला.

"हो," चंद्रभान पुटपुटला. येडबाला ते ऐकू गेलं नाही. कासाबाईला गेलं.