बुधवारची भट्टी

आमच्या गल्लीत नानकटाई घरी कोणी भाजत नसे. पीठ घरी मळायचं, पत्र्यांवर गोळे मांडायचे आणि दीनानाथच्या बेकरीत भट्टीला लावायला न्यायचं. पत्रे एकमेकांत मिसळू नयेत म्हणून प्रत्येक घराची खूण ठरलेली. कोणाची चारोळी, कोणाचा वेलदोड्याचा दाणा. हिशेब खात्यातून निवृत्त झालेले गोपाळकृष्ण जोगळेकर तर प्रत्येक गोळ्यावर चमच्याच्या टोकाने 'गो' कोरत. गल्लीचा भट्टीवर पूर्ण विश्वास होता. अविश्वास फक्त एकमेकांवर.

बुधवारी बेकरी बंद. पण विटांची भट्टी एका दिवसात निवत नाही. मंगळवारी रात्री विस्तव काढला, तरी बुधवारी दुपारपर्यंत आत चांगली धग असते. ती धग बजरंगची. बजरंग हा धायरीचा भट्टीवाला; सगळ्या गल्लीचा पाव त्याच्या हातचा. बुधवारी तो गणेश पेठेतून पापलेटं आणायचा, रानातली भाजी घरून आणायचा आणि स्वतःच्या वेगळ्या पत्र्यावर मांडायचा. खाली नवे बटाटे, गाजरं, पातीचा कांदा, मोसमातले शेवटचे मटार. त्यावर हिरवा लसूण, शेपू आणि पुदिना ठेचून लावलेली पापलेटं. वर लिंबू, लोण्याचा गोळा, आणि मधोमध केळीच्या पानाचं पांघरूण. अर्धा तास. मग भट्टी राखेने घासून, पुसून, पुन्हा लाकडं पेटवून कोरडी तापवायची. अकरा वर्षांत एकही नानकटाई परत आली नव्हती.

आणीबाणी उठली त्या साली, मार्चअखेरच्या एका बुधवारी, आनंदीबाई मागच्या दाराने आत शिरल्या. बाई निवृत्त मुख्याध्यापिका. दीनानाथ त्यांचा विद्यार्थी, त्यामुळे बेकरीला लावलेलं कुलूप त्यांना लागू नव्हतं.

"भाचा उद्या पहाटे नागपूरला निघतोय. दोनच पत्रे आहेत," त्या म्हणाल्या.

"बाई, आज भट्टीत माझं जेवान हाय," बजरंग म्हणाला. "उद्या पहाटं पहिला नंबर तुमचा."

"तुझं जेवण राहू दे की बाजूला. मी काय ते हाकलतेय?"

दीनानाथने मान खाली घातली. शाळेतही तो तेच करायचा. पत्रे आत गेले. बाई स्टुलावर बसल्या आणि थोड्या वेळात त्यांच्या नाकाने चौकशी सुरू केली.

"काय रे हा वास? शेपू? शेपू असा दरवळतो?"

बजरंगने पत्रा ओढून बाहेर घेतला. कडेचे बटाटे लोण्यात तांबूस झाले होते.

"बघू, दे जरा."

"नगं बाई. त्ये तुमच्या खान्यातलं न्हाई."

इथे बाईंची चूक झाली, आणि ती चूक आमच्या पेठेतच होऊ शकते. त्यांना वाटलं, बजरंग आपल्या हातचं द्यायला संकोचतोय. बाई पडल्या सुधारक. "मी असलं काही मानत नाही!" त्या कडाडल्या. स्वतःच चमचा घेतला, बशी घेतली. बटाटा खाल्ला, मटार खाल्ले, खालचा रस ओतून घेतला. "अरे, याला चव म्हणतात! मीठ किती नेमकं!" पुन्हा वाढून घेतलं. बजरंग "बाई, ऐका" म्हणत राहिला. बाईंनी आयुष्यात कुणाचं ऐकलं नव्हतं. तिसऱ्यांदा चमचा घालताना पान सरकलं आणि पापलेटाने बाईंकडे पाहिलं.

बाई एक अक्षर न बोलता घरी गेल्या. घरून मात्र बोलल्या.

गुरुवारी सकाळी बेकरीच्या दारावर जोगळेकरांची सुवाच्य पाटी होती: 'या भट्टीत मासे भाजले जातात. सुज्ञांनी ठरवावे.' एकवीस महिने बंद असलेली तोंडं नुकतीच मोकळी झाली होती; आमच्या गल्लीत त्या स्वातंत्र्याचा पहिला खर्च पापलेटावर झाला. माणसं पिशव्या घेऊन जमली. पाव कोणी घेईना, घरीही कोणी जाईना. मागणी एकच: बजरंगला काढा.

"बाईंनी प्रत्यक्ष पाहिलंय," जोगळेकर म्हणाले. बाई शेजारी उभ्या होत्या. पाहिलं, एवढंच त्या सांगत होत्या.

"कधीपासून चालू आहे हे?"

"अकरा वर्षं," बजरंग म्हणाला.

गर्दीने मनातल्या मनात आकडेमोड केली. अकरा दिवाळ्या. कुणाची मुंज, कुणाचं डोहाळजेवण, जोगळेकरांच्या हेमाचं लग्न. सगळ्यांचे चेहरे एकदम आंबले. अकरा वर्षं बाटलो म्हणायचं, तर मिटक्या मारत बाटलो हेही मान्य करावं लागणार.

जोगळेकरांनी वाट काढली. खिशातून कागद काढला. "हे बघ, लिहून दे. कालच्या दिवशी प्रथमच, अनवधानाने, एकवार. खाली सही कर. भट्टी धुऊन घेऊ. तुझी नोकरी राहील, आमचंही राहील."

"आमचंही काय राहील?" मागून कुणीतरी विचारलं. जोगळेकरांनी पेनाचं टोपण काढलं.

बजरंगचा आवाज चढला. "चोरून केलं न्हाई म्या! माजा पत्रा येगळा, मीठ येगळं. दर खेपंला भट्टी घासलीया. बुधवारी घासून बेस्तरवारी तुमाला पाव दिलाय. आन आता मी चुकून केलं म्हनून लिवू? त्यापरीस जातो मी."

सगळे बाईंकडे बघू लागले. एका वाक्यात तो त्यांना उघडं पाडू शकत होता. त्याने बाईंकडे पाहिलं, नजर काढून घेतली आणि टॉवेल खांद्यावर टाकला. नाव घेतलं नाही.

तेच बाईंना झोंबलं. आपली चूक पोटात ठेवून त्यांनी एक रात्र काढली होती. पण भट्टीवाल्याने आपल्यावर उपकार करावेत आणि आपण ते मुकाट पदरात घ्यावेत?

"थांब! मोठा आलाय झाकणारा!" त्या बजरंगवरच ओरडल्या. "सांग की त्यांना, बाईंनी दोनदा वाढून घेतलं म्हणून! तू नको नको म्हणत असताना घेतलं. आणि जोगळेकर, ते 'अनवधानाने' खोडा. अनवधान माझं होतं. त्याचं नव्हतं."

"बाई, आपण... मासा?"

"मासा नव्हे. मटार. पण पानाखाली कोण होतं ते आता मला ठाऊक आहे, आणि चव होती ती होतीच."

जोगळेकरांना कागद कुठे ठेवावा सुचेना. कुणीतरी खोकलं. एक पिशवी पुढे सरकली, "दोन पाव," मग दुसरी. रागावलेले सगळेच होते, पण आता कोणी कुणावर रागवायचं हे ठरत नव्हतं.

"बजरंगा, चल," दीनानाथ हळूच म्हणाला. "पीठ फुगून वर आलंय."

बजरंग हलला नाही. "मालक, अकरा वर्षं तुमाला ठावं हाय. काल ठावं हुतं. आज सकाळपास्नं तुमी एक शब्द बोलला न्हाई."

दीनानाथने मान खाली घातली. बाई बघत होत्या. मग त्याने मान वर केली, दाराकडे गेला, पाटी उतरवली आणि ती जोगळेकरांच्या हातात दिली.

"आणि बाई," तो म्हणाला. "बुधवारी मागचं दारही बंद राहील. तुम्हालासुद्धा."

"मला?" बाई संतापून म्हणाल्या.

बजरंग आत जाऊन हात धुऊ लागला.