तुडीलच्या सोयरिकीतली इंग्रजी कविता

एकोणीसशे तीसच्या सुमाराची गोष्ट. तुडीलच्या कोंडाजींनी लेकीसाठी, आवडीसाठी, स्थळं पाहायला सुरुवात केली आणि हट्टच धरला: जावयाला इंग्रजी कविता समजली पाहिजे. महाडात एका वकिलाच्या ओसरीवर त्यांनी तशी कविता ऐकली होती. समजली नव्हती, पण न समजणारं ते मोठं, एवढं त्यांना पक्कं ठाऊक होतं.

उमरठचा दत्ताराम मुंबईत गोदीवर कारकून होता, म्हणून त्याला बोलावलं. परीक्षा घ्यायला महाडचे निवृत्त शिरस्तेदार बापूसाहेब आणले. इंग्रजी काव्य त्यांनी कोळून प्यायलंय, अशी ख्याती होती. ती त्यांनीच पसरवली होती.

“म्हणा एखादी,” बापूसाहेब म्हणाले.

 दत्तारामला कविता एकही येत नव्हती. पाठ होती ती धक्क्यावरची पाटी, आगबोटीच्या उतारूंसाठी लावलेल्या नियमांची. त्याने डोळे मिटले आणि तीच चालीवर धरली. “प्यासेंजर्स मस्ट वॉच देअर लगेज...”

बापूसाहेब डोलू लागले. नियम संपले तेव्हा त्यांनी उपरण्याने डोळे टिपले.

“अर्थ काय हो?” कोंडाजींनी विचारलं.

“काय सांगू, कोंडाजी! कवी म्हणतो, जीवा, तू इथला प्रवासी. आपलं ओझं सांभाळ, काठावरून वाकू नकोस.”

“देवा रे! आमच्या कीर्तनात पन ह्येच हाय!” सुपारी तिथेच फुटली.

लग्नानंतर दत्ताराम तुडीलला गेला की जो तो त्याच्याकडून कवितेचा अर्थ समजून घेई. दत्तारामला स्वतःचीच लाज वाटू लागली. पुढच्या खेपेस मुंबईहून येताना त्याने जुन्या इंग्रजी कवितांचं एक फाटकं पुस्तक आणि डिक्शनरी आणली. उमरठला घरच्या पडवीत बसून तो एकेक शब्द शोधू लागला.

“काय लिवलंय?” तांदूळ निवडता निवडता आवडीने विचारलं.

“एक बाय हाय. नदीकाठी नवऱ्याची वाट बघते.”

“मंग? येतो का तो?”

“थांब गो. अजून तिथवर गेलो नाय.”

उरलेल्या दोन ओळींतच दुपार गेली. आवडीने सूप बाजूला सारलं. शेवटचा शब्द सापडला तशी दत्तारामने डिक्शनरी मिटली.

“सांगा की!”

“नाय येत.”

त्या बाईला जणू त्यानेच फसवलं, असं आवडीने त्याच्याकडे पाहिलं. “आनि तुमी परवा मुंबयला चाललात!” पदराने नाक पुसत ती आत निघून गेली.

दत्तारामने जाणं पुढे ढकललं. गोदीतल्या साहेबाला कारण काय कळवावं, ते मात्र त्याला डिक्शनरीत सापडेना.