समीक्षाचा पाय

नम्रताचा गुडघा अपघातानं मोडला नव्हता, हे दोघींनाच ठाऊक होतं: तिला आणि रोह्याच्या समीक्षाला. जिल्ह्याच्या कबड्डी संघाची निवड तोंडावर आलेली, त्याआधीचा सराव. पकडीत नम्रता खाली पडली, शिट्टी वाजली, सगळ्या उठल्या. आणि समीक्षा उठता उठता मुद्दाम तिच्या गुडघ्यावर कोसळली. जागा एक होती, ती समीक्षाला मिळाली. पुढं खेळाडूंच्या कोट्यातून पोलिसात नोकरीही लागली. नम्रता पेणजवळच्या खाडीकाठच्या आपल्या गावी परतली आणि डोलवीच्या कारखान्यात एका ठेकेदाराच्या कॅन्टीनमध्ये लागली.

"तुझ्या बरोबरीच्या पोरी मार्गी लागल्या," आई म्हणायची. मालूबाईचा जन्म मिठागरात गेलेला. बोलणंही तसंच झोंबणारं. "तुझा काय ठरलाय गो?"

"ठरलाय."

ठरलं होतं ते एवढंच, की एकदा समीक्षाचा पाय हातात यायला हवा. पुढं काय करणार असं कुणी विचारलं, की नम्रताच्या डोळ्यांपुढं तो एक घोटाच यायचा. शिफ्ट सुटली की बांधावर पळायचं, मग मैदानात डाव्या कोपऱ्यात उभं राहून घोट्याची पकड. बस्स.

तीन वर्षांनी रोह्याला स्पर्धा लागली. पेणचा संघ गाडीनं निघाला. रोह्याच्या अलीकडचं निडी स्टेशन मागं पडलं तशी नम्रतानं गुडघ्याचा पट्टा आवळला.

"तुझा तोंड बघून मलाच भ्या वाटतंय," कर्णधार पिंकी म्हणाली.

पहिल्याच डावात रोह्याकडून समीक्षा चढाईला आली. कोपऱ्यातली नम्रता दिसताच तिचा दम किंचित अडखळला. बोनससाठी तिनं पाय टाकला, तो नम्रताच्या दोन्ही हातांत आला. समीक्षा आडवी झाली. आता एक पिळा दिला की झालं. खेळात लागतंच, पंच तरी काय म्हणणार?

"गुडघा नको गो," खालून समीक्षा पुटपुटली.

म्हणजे ही विसरली नव्हती! इतकी वर्षं हिच्याही मनात हा दिवस होता. पाय मोडला तर फिटंफाट होईल, हिची भीती संपेल. नम्रतानं पंचाची शिट्टी होईपर्यंत धरून ठेवलं आणि सोडलं.

समीक्षा पुन्हा आली, पुन्हा सापडली. नम्रतानं तिच्या गुडघ्यावर नुसता तळवा ठेवला. दाबला नाही. त्यानंतर समीक्षा त्या कोपऱ्याकडे फिरकेना. आपल्याच गावच्या लोकांसमोर, त्यांच्या शिव्या खात, ती निदानरेषा जेमतेम ओलांडून माघारी जायची. पेण जिंकलं.

"का सोडलंस मला?" सामना संपल्यावर समीक्षानं विचारलं.

"सोडलं कुठं? भेटू की परत."

महिनाभरानं रोह्याच्या मुली सामन्यासाठी पेणला आल्या. त्यांत समीक्षा नव्हती.

"ताईनं खेळ सोडला," त्यांच्यातली एक म्हणाली.

नम्रताला आनंद झाला, अगदी पोटभर. त्याच आनंदात ती कोपऱ्यात उभी राहिली. समोरून शाळकरी वाटावी अशी एक पोरगी चढाईला आली, नम्रताच्या खांद्याला हात लावून पळालीसुद्धा.

"लक्ष कुठं हाय गो?" पिंकी ओरडली.

बाद होऊन नम्रता रेषेबाहेर बसली. तिला त्या पोरीचा राग येईना, कुणाचाच येईना. आणि रागाशिवाय कसं खेळायचं ते आठवेना. आत पोरगी पुन्हा चढाईला निघाली होती. नम्रता तिच्या पायांकडे बघत राहिली.