पाच डॉलरची मर्यादा

नेरेइदा अमेरिकन नागरिक होती, हे मेक्सिकोतल्या जेरेझ गावात तिच्या नवऱ्याखेरीज कुणाच्या फारसं लक्षात नव्हतं. आई अमेरिकेत फ्रेझ्नोला द्राक्षं खुडायला गेली असताना ही जन्मली आणि दीड वर्षाची असताना मेक्सिकोत परत आली. पुढची एकेचाळीस वर्षं अमेरिकेनं तिची चौकशी केली नाही. नवऱ्याच्या व्हिसाचा अर्ज गेला, तेव्हा मात्र अमेरिकेला एकदम तिची आठवण आली: मागच्या तीन वर्षांची टॅक्स रिटर्न्स कुठे आहेत?

म्हणून चपलांच्या दुकानावरच्या ऑफिसात, हिशेबनीस ओदिलिया मॅडमसमोर दोघं तिसऱ्यांदा बसली होती. नवरा रेफुजिओ, म्हणजे घरचा कुको, इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. विटांची भट्टी बंद पडल्यापासून तो तीन वर्षं घरी होता आणि इस्त्री रोज होती. पैशाची हमी अमेरिकेत अनाहाइमला राहणारा मेव्हणा एफ्रेन देणार होता. पण अर्जदार बायको, म्हणून कागद तिचेही हवे होते. सात आठवड्यांनी मुलाखत.

"उत्पन्न?" मॅडमनी विचारलं.

"काही नाही," कुको म्हणाला. "घरीच असते."

"छान. शून्य लिहू. नवरा परदेशी असला की रिटर्न वेगळं भरायचं, आणि त्याची मर्यादा वर्षाला पाच डॉलर. तेवढे मिळाले असतील, तरच भरणं सक्तीचं."

"वर्षाला पाच?" कुको हसला. "ती काय बँक लुटते?"

नेरेइदानं मांडीवरची पिशवी जवळ ओढली. अकरा वर्षं ती दर गुरुवारी आणि रविवारी स्वयंपाकघराच्या खिडकीतून गोर्दिता विकत होती. मक्याच्या जाड भाकऱ्या, पोट चिरून आत बटाटा नाहीतर लाल तिखटातलं डुकराचं मटण. पाच डॉलर रविवारी पहिलं गिऱ्हाईक जायच्या आत होत. ओदिलिया मॅडम स्वतः गुरुवारी सहा नेत. पण ऑफिसात बसल्यावर त्यांना ते माहीत नसे.

"मुलाखतीला काय विचारतील ह्याला?" नेरेइदानं विचारलं.

मॅडमनी चष्मा काढला आणि अधिकाऱ्याचा आवाज काढला. "बायको कमवत नाही. तुमची भट्टी बंद. मग तीन वर्षं खाल्लंत काय?"

"मेव्हणा पाठवतो," कुको तयारच होता.

"एफ्रेन?" नेरेइदा म्हणाली. "त्यानं एक जॅकेट पाठवलं. तेही तुला आखूड."

"अगं, असं म्हणायचं असतं!"

"मॅडम, खिडकीचं लिहा."

मॅडमना एकदम गुरुवार आठवला. "लिहीन बाई. पण ऐका. नफ्यावर पंधरा टक्के भरावे लागतील, तिन्ही वर्षांचे. आणि व्हिसासाठी ही कमाई धरणार नाहीत, कारण तुम्ही गेलात की खिडकी इथेच राहणार."

"कर घेणार, पण कमाई नाही म्हणणार?"

"हो."

"आणि शून्य लिहिलं तर?"

"तर काही द्यायचं नाही. फक्त शपथेवर सही करायची."

"बघ!" कुको खुर्चीत पुढे सरकला. "शून्यच बरं. नेरे, ह्या गोंधळात मुलाखतीची तारीख गेली तर? मी तिकडे जाऊन छपरांवर कौलं चढवायच्या वयाचा राहीन का? आणि त्या खिडकीला काय उत्पन्न म्हणतात? चार बायका येतात, गप्पा होतात."

नेरेइदाला भांडायचं नव्हतं. भांडायला लागतं तेवढं अंगात उरलंच नव्हतं.

"मी दमलेय कुको," ती म्हणाली. "कशानं दमलेय, ते कुठेतरी लिहिलेलं असू दे. तारीख जाईल तर जाईल."

मॅडमनी शून्याचा फॉर्म बाजूला ठेवला आणि मोठा काढला. "दिवसाला किती जातात?"

"पंधरा-वीस," कुको म्हणाला.

"गुरुवारी साठ. रविवारी नव्वद," नेरेइदा म्हणाली.

कुकोचे ओठ हलले. तो गुणाकार करत होता. भट्टीवर त्याला आठवड्याला जे मिळे, तिथे पोहोचला आणि थांबला. मग आणखी पुढे गेला.

"खर्च?" मॅडमनी विचारलं.

"पीठ, मटण, तिखट, गॅस."

"आणि पीठ दळून कोण आणतं?" कुको अचानक म्हणाला. "सिलिंडर कोण उचलतं? तीन वर्षं मीच की! ते लिहा."

"मजुरी घेतलीत?"

"बायकोकडून? छे!"

"मग नाही धरता येत," मॅडम म्हणाल्या. "ते शून्य."

कुकोनं नेरेइदाकडे पाहिलं. मग तो इस्त्रीच्या शर्टाची बाही खाली ओढत बसला. नेरेइदानं पिशवीतली पिठाची बिलं काढून त्याच्यासमोर ठेवली.

"वर्षांप्रमाणे लाव," ती म्हणाली. "माझ्या डोळ्यांना दिसत नाही आता."

त्यानं लावायला घेतली.