मागेल त्याची बाज

अंबाडीची दोरी ओली असतानाच विणावी लागते.

जाम फाट्यावर ट्रकवाले उभ्याने चहा पितात.

एक बाई दर रविवारी एका बंद दारासमोर उभी राहते.

काळ्या मातीत पाय रुतला की आधी चप्पल जाते.

मित्रांनो, या गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध दिसत नाही ना? मलाही पूर्वी दिसत नव्हता. पण त्या सगळ्या माझ्याच आयुष्यात येऊन पडल्या. मी बाज आहे. बाभळीच्या लाकडाची, अंबाडीच्या दोरीने विणलेली. आता दोरी सैल झाली आहे आणि एक पाय आखूड.

प्रेमदास नावाच्या सुताराने मला घडवले. वर्धा जिल्ह्यातल्या जामपासून दोन-अडीच कोसांवर आमचे गाव. गावात ख्रिस्ती घर एकच, प्रेमदास आणि आनंदाबाईंचे. आनंदाबाई लग्नाआधी दवाखान्यात आया होत्या. लग्नानंतर त्या कापूस वेचायच्या, गोधड्या शिवायच्या. पाच वर्षांत प्रेमदास तापाने गेला. घरात आनंदाबाई उरल्या आणि मी उरले.

त्या माझ्यावर फार कमी झोपल्या. मी सदा गावात असायची. कुणाकडे बाळंतीण, कुणाकडे पाहुणे, कुणाचा पाय मोडलेला. मागायला येईल त्याला न्यायला सांगायच्या आणि कशाला हवी ते कधी विचारायच्या नाहीत. एकदा बंडूजी आले. गावात सगळ्यांची थट्टा करणारा माणूस.

"आनंदाबाई, बाज पाह्यजे होती."

"न्या."

"काऊन पाह्यजे ते नाई इचारलं?"

"सांगसान तं ऐकीन. मी इचारत नाई."

"पत्ते खेळासाठी पाह्यजे."

"मंग लवकर हारा. परवा शोभाबाईच्या सुनेले लागते."

मी परत आले की त्या मला धुवायच्या, पायथ्याची दोरी ओढून घट्ट करायच्या आणि बाहेरच्या भिंतीला उभी करायच्या. मित्रांनो, माझे ते सुखाचे दिवस. तेव्हा मला ते कळले नाही.

एकोणऐंशी सालचा भादवा होता. समोरच्या घरात रूपराव राहायचे, त्यांची बायको शकुबाई आणि म्हातारी आई देवकाबाई. सकाळी देवकाबाईंच्या छातीत कळ आली. मला नेले, म्हातारीला माझ्यावर निजवले आणि चौघांनी खांदा दिला. फाट्यावर बस मिळाली तर वर्धेचा दवाखाना गाठता येणार होता. आनंदाबाई म्हातारीच्या तोंडावर पदराची सावली धरून शेजारी चालत होत्या.

नाल्याजवळ म्हातारीचा श्वास घरघरू लागला. रूपराव थांबले.

"खाली ठेवा," ते म्हणाले. "मायले मातीवर ठेवा."

आमच्याकडे मरायला टेकलेल्या माणसाला बाजेवरून उतरवून जमिनीवर ठेवतात. बाजेवर प्राण गेला तर जीव अधांतरी राहतो, असे मानतात. हे आनंदाबाईंना ठाऊक होते. पण त्यांची बोटे म्हातारीच्या मनगटावर होती.

"नाडी हाय, रूपरावजी. इथं सारा चिखल हाय. फाटा आलाच. चला."

दवाखान्यात काम केलेली बाई. त्यांचे ऐकले सगळ्यांनी. फाटा आला, बसही आली. कंडक्टरने दार उघडले, खाली पाहिले आणि हळूच दार लावून घेतले.

रूपरावांनी आईच्या कपाळावर हात ठेवला. "माही माय बाजीवर गेली," ते म्हणाले. एवढेच. पण आनंदाबाईंकडे पाहून म्हणाले.

म्हातारीला उचलून फाट्यावर मिळालेल्या बैलगाडीतून नेले. मला कोणी हात लावला नाही. आनंदाबाईंनी मला डोक्यावर घेतले आणि ती सगळी वाट एकट्या परत चालल्या. गावात शिरलो तेव्हा शोभाबाई अंगणातून आत गेल्या.

त्यानंतर मला कोणी मागितले नाही.

महिन्याच्या पहिल्या रविवारी आनंदाबाई वर्धेला चर्चमध्ये जायच्या. त्या दिवशी प्रभुभोजन असायचे, येशूच्या आठवणीत सगळ्यांनी मिळून घ्यायची भाकर आणि द्राक्षरस. देवकाबाई गेल्यानंतरच्या अशा पहिल्याच रविवारी त्या पांढरे लुगडे नेसून निघाल्या खऱ्या, पण दुपार व्हायच्या आधीच परत आल्या आणि थेट समोरच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. मी भिंतीला होते. मला सगळे दिसत होते.

"रूपरावजी, चूक झाली माही. तुमचं आयकाले पाह्यजे होतं."

दारात शकुबाई आल्या. "तुमच्या देवानं धाडलं काय?"

"हो."

"मंग थांबा. आमी आमच्या देवाले इचारून सांगतो."

दार लागले.

पुढच्या रविवारी त्या पुन्हा उभ्या राहिल्या. त्याच्या पुढच्याही. कधी दार उघडायचे आणि त्यांना पाहून बंद व्हायचे. कधी उघडायचेच नाही. थोडा वेळ उभ्या राहून त्या परत यायच्या. वर्धेला जाणे बंद झाले.

बंडूजींना राहवले नाही. "एकदा माफी मागतली, झालं. आता काऊन भिकाऱ्यावानी उभ्या राहून राह्यल्या?"

"ज्याच्या मनात आपल्याबद्दल काटा हाय, त्याच्याशी आधी समेट कराचा. मंगच देवाच्या पंगतीत बसाचं. आमच्यात असं हाय."

"अन् तो नाईच बोलला तं?"

"तं मी उपाशी."

वर्षे गेली. दर शनिवारी त्या माझी दोरी ओढून घट्ट करत. न वापरलेली दोरी तशी सैल होत नाही. तरी करत. कोणी मागायला आलेच तर बाज तयार हवी. मित्रांनो, तयार राहून वाट पाहणे हे काम सर्वांत जड असते. चार माणसे वाहताना मी कधी कुरकुरले नाही, पण त्या भिंतीला मी आतून वाळले.

चौऱ्याऐंशीच्या थंडीत आनंदाबाईंना ताप आला. चूल पेटली नाही. पाण्याची घागर भरली गेली नाही. आत त्या कण्हत होत्या आणि बाहेर मी. मला चार पाय आहेत, त्यातला एकही चालत नाही. मला तोंड नाही. वाटेने लोक जात होते आणि कुणालाही त्या घरात डोकावायची सवय राहिली नव्हती.

मग रविवार आला. समोरचे दार उघडले. शकुबाईंनी अंगणात पाहिले, मग आत वळून म्हणाल्या, "आवो, बाई आली नाई आज."

रूपराव बाहेर आले. रिकाम्या अंगणाकडे पाहत राहिले. मग वाट ओलांडून आनंदाबाईंच्या घरात शिरले आणि लगेच बाहेर येऊन बंडूजींना हाक मारली. त्यांनीच मला भिंतीपासून उचलले. इतक्या वर्षांत माझ्यावर पडलेला तो पहिला परका हात.

चौघांनी खांदा दिला. शकुबाई तांब्या घेऊन सोबत होत्या. नाला ओलांडला आणि आनंदाबाईंचा श्वास घरघरू लागला. रूपराव थांबले. सगळेच थांबले.

"बाई," ते म्हणाले, "खाली ठेवू काय?"

"त्याईच्यात नसते तसं," बंडूजी पुटपुटले.

"मी तिले इचारलं."

मित्रांनो, आनंदाबाईंना मातीची गरज नव्हती. आपला देव बाजेवरही भेटतो, हे त्यांना पक्के ठाऊक होते. त्यांनी डोळे उघडून रूपरावांकडे पाहिले.

"ठेवा, भाऊ."

रूपरावांनी खांद्यावरचा दुपट्टा काळ्या मातीवर अंथरला. त्यांना दोन्ही हातांनी उतरवले, आईला उतरवावे तसे. शकुबाईंनी ओठांवर पाणी सोडले.

"मायले असंच ठेवाले पाह्यजे होतं," आनंदाबाई म्हणाल्या.

"हो," रूपराव म्हणाले. ते मातीतच बसले होते. "ठेवाले पाह्यजे होतं. पण तुमी तिले जगवाले पाहून राह्यल्या होत्या. ते मले त्याच दिवशी समजलं होतं. बोलणं जमलं नाई."

मी बाजूला रिकामी उभी होते. आनंदाबाईंच्या श्वासाची घरघर हळूहळू कमी झाली.

"आता तुमीच पाहा," रूपराव म्हणाले, "नाडी हाय काय?"

आनंदाबाईंनी आपल्याच मनगटावर बोटे ठेवली. "हाय."

"मंग चला."

त्या वाचल्या. पुढच्या महिन्यात वर्धेला जाऊन प्रभुभोजन घेऊन आल्या. त्यानंतर मला पुन्हा दोन-चारदा मागणी आली. पण दिवस बदलले होते, गावात जीप आली, घरोघर लोखंडी पलंग आले. दोन वर्षांनी आनंदाबाई वर्धेच्या दवाखान्यातच वारल्या. घराला कुलूप लागले आणि मी त्याच भिंतीला उभी आहे. शनिवारी दोरी ओढणारे कोणी नाही.

मित्रांनो, मला घरात घ्या असे मी म्हणत नाही. माझे वय झाले. पण तुमच्या गल्लीत एखादे दार असेल, ज्याच्यासमोर कोणी उभे आहे, किंवा एखादे घर, ज्यात डोकावायची सवय सुटली आहे. तिथे जा. रविवारची वाट पाहू नका.

मी ज्या बाभळीची झाले, ती रूपरावांच्या बांधावर होती. एकाहत्तर साली प्रेमदासच्या लग्नाआधी, ती तोडून ने असे त्याला देवकाबाईंनी सांगितले होते.